हिराइसेचा पाठ, हाफिजचा लुकमा

मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम हे गाव बाहेरच्यांना साधारण दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमातला दरवर्षीचा जन्मोत्सव. शेवटच्या दिवशी लाखोंच्या पंगती बसतात आणि पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. दुसरं कारण 2017चं. 91वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं होणार असं जाहीर झालं, वाद पेटला, आश्रमानं यजमानपद सोडलं आणि संमेलन बडोद्याला गेलं. त्या वादात मला पडायचं नाही. मला तिथं आठवतो तो विवेकानंदांच्या स्मरणशक्तीचा किस्सा. विवेकानंदांचं नाव निघालं की शाळेतले गुरुजी तो हमखास सांगायचे.

किस्सा असा. बेलूर मठात स्वामी आजारी होते. मठात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका नुकताच विकत घेतलेला. शिष्य शरच्चंद्र चक्रवर्ती म्हणाले, एवढं सगळं एका जन्मात वाचून होणं कठीण आहे. स्वामी म्हणाले, दहा खंड झाले, अकरावा चालू आहे, विचार त्यातलं काय विचारायचं ते. शिष्यानं निवडून अवघड प्रश्न विचारले. स्वामींनी उत्तरं दिली, काही ठिकाणी तर ग्रंथातल्या शब्दांनिशी. हे कसं साधतं, याचं कारण त्यांनी ब्रह्मचर्यात सांगितलं.

आमच्या घरात याच्या तोडीचा किस्सा होता इमाम बुखारींचा. ते बगदादला आले तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दहा माणसं बसवली. प्रत्येकाकडे दहा हदीसा, आणि त्यांच्या सनदा, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याच्या साखळ्या, मुद्दाम उलटसुलट जोडलेल्या. बुखारी प्रत्येक हदीसेला म्हणत गेले, मला ही ठाऊक नाही. शंभर संपल्यावर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली: तू अशी सांगितलीस, ती खरी अशी आहे. पुढे इब्न हजर यांनी यावर मार्मिक शेरा मारला आहे. बरोबर काय ते बुखारींनी सांगितलं यात नवल नाही, शंभर चुका एकदा ऐकून क्रमानं लक्षात ठेवल्या यात नवल आहे.

दोन्ही किस्से मला आवडतात आणि दोन्ही मला निरुपयोगी वाटतात. त्यांत स्मरण ही करामत आहे. ज्याला मिळाली त्याला मिळाली. आपण ऐकायचं, माना डोलवायच्या आणि घरी येऊन चष्मा कुठे ठेवला ते शोधत बसायचं. इतिहासात जरा खोल गेलं तर मात्र स्मरण हे कसब म्हणून दिसतं. सुताराचं असतं तसं. त्याची हत्यारं असतात, उमेदवारी असते, तपासणी असते.

याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण मेहकरपासून फार लांब नाही. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मेहकर आणि लोणार ही दोन्ही ठिकाणं येतात. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांना वाटलं की त्यांच्या आठवणी टिकल्या पाहिजेत. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय तिथं, त्यांनी नागदेवाचार्यांकडून एकेक लीळा ऐकून घेतली. मग ज्या लीळेत जो माणूस हजर होता त्याला गाठून विचारलं. कुणी शेतात काम करत होता, तर त्याच्या मागं शेतात. शके 1200च्या सुमारास असा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तयार झाला. आपण त्याला मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणतो.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत ही पोथी गेली. हे वाक्य लिहिताना मी अडखळत नाही. ‘तुमच्या खिलजीनं’ असं कुणी सुनावलं तर त्याला एवढंच सांगेन की लुटारू फौजेला पोथी आणि पितळेचं भांडं सारखंच असतं, आणि तो खिलजी माझा कोणी लागत नाही. पोथी गेली, पण ग्रंथ गेला नाही. हिराइसा नावाच्या एका बाईला तो पाठ होता. तिनं सांगितला, तो पुन्हा लिहिला गेला. आणखीही काहींना ग्रंथाचे भाग येत होते, त्यांचेही पाठ तयार झाले: रामेश्वरबासांचा, परशरामबासांचा. आज आपण वाचतो ते लीळाचरित्र अशा माणसांच्या डोक्यांतून परत आलेलं आहे.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हते. महानुभावांनी तो फरक पुसून टाकला नाही. एकाच लीळेच्या निरनिराळ्या सांगण्याला ते ‘वासना’ म्हणतात, आणि पोथ्यांत अशा वासना नोंदलेल्या सापडतात. हिराइसा असं सांगते, अमका तसं सांगतो. हदीसशास्त्र ज्यानं थोडंफार चाळलं आहे त्याला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटेल. तिथंही मजकुराआधी माणसांची साखळी येते. तिथंही आठवणीत फरक पडला तर दोन्ही नोंदतात आणि मग कोण जास्त भरवशाचा यावर वाद घालतात. हजरत आयशांनी इतर सहाबांच्या आठवणी जिथं जिथं दुरुस्त केल्या, त्या जागा गोळा करून झरकशींनी चौदाव्या शतकात एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. चांगली स्मरणशक्ती म्हणजे कधी न चुकणारी, असं या दोन्ही परंपरांनी मानलं नाही. चूक होणारच हे धरून त्यांनी ती पकडायची व्यवस्था केली.

जाता जाता एक स्थानिक नोंद. या लीळाचरित्राची आज प्रमाण मानली जाणारी आवृत्ती 1978 साली वि. भि. कोलते यांनी संपादित केली. कोलते याच बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. जिल्ह्यात साहित्य संमेलन आलं नाही याची हळहळ करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आमच्याकडे गोष्ट बरोबर उलट दिशेनं घडली होती. पैगंबर साहेबांच्या निधनानंतर लगेचच यमामाची लढाई झाली आणि तिच्यात कुरआन पाठ असलेले बरेच लोक मारले गेले. हजरत उमर धास्तावले. माणसांबरोबर पाठही जाईल म्हणून त्यांनी खलिफा अबू बकर यांच्यामागे लकडा लावला, आणि झैद बिन साबित यांनी लिखित आणि मुखोद्गत दोन्ही पुरावे ताडून सगळं एकत्र केलं. ती पानं पुढे हजरत हफसांच्या ताब्यात राहिली. विदर्भात कागद गेला तेव्हा डोकं कामाला आलं, अरबस्तानात डोकी गेली तेव्हा कागद. विदर्भात जपणारी हिराइसा, मदिनेत हफसा. बायकांच्या या कामाबद्दल आपण फार कमी बोलतो.

कागद आला तरी हिफ्ज थांबलं नाही. 114 सूरे, 6236 आयती, जवळपास 77 हजार शब्द, आणि तेही बहुतेक वेळा ती भाषा न कळणाऱ्या मुलांच्या तोंडी. हे होतं कसं? मदरशात जवळून पाहिलं तर त्यात चमत्कार काहीच नाही. रोजचं काम तीन भागांत असतं. ‘सबक’ म्हणजे आजचा नवा धडा, थोडक्या ओळींचा. ‘सबकी’ म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेला, अजून ओला असलेला भाग. आणि ‘आमुख्ता’ किंवा मंझिल म्हणजे जुनं, पक्कं झालेलं, जे फिरून फिरून म्हणायचं. नवखा मुलगा सबकच्या मागे धावतो, कारण त्यात पुढं गेल्याचा आनंद असतो. जुना उस्ताद त्याला आमुख्त्यावर बसवतो. ज्याचा आमुख्ता सुटला त्याचं हिफ्ज सुटलं, हे प्रत्येक हाफिजला माहीत असतं.

दुसरी गोष्ट प्रतीची. हाफिज शक्यतो कुरआनची प्रत बदलत नाही. पाठांतरासाठी छापलेल्या प्रतींत पान आयतीवरच संपतं. पंधरा ओळींची प्रत घेतली तर एक पारा साधारण वीस पानांचा. मग आयत नुसती आयत राहत नाही. ती ‘डाव्या पानावर, खालून तिसरी ओळ’ अशी एका जागी बसते. सारख्या वाटणाऱ्या आयती, ज्यांना मुतशाबिहात म्हणतात आणि जिथं भलेभले हाफिज एका सूऱ्यातून दुसऱ्यात घसरतात, त्या वेगळ्या ठेवायला हीच जागा उपयोगी पडते. प्रत बदलली की घर बदलल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट लुकम्याची. रमजानच्या तरावीहमध्ये हाफिज रोज एक-सव्वा पारा म्हणतो. त्याच्या मागं पहिल्या सफेत दुसरा हाफिज फक्त ऐकायला उभा असतो. पुढचा अडकला किंवा चुकला की मागचा तो शब्द मोठ्यानं देतो. याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर, पुस्तक न उघडता परीक्षा, आणि चुकीची दुरुस्ती जागच्या जागी. पुढच्याला त्यात अपमान वाटत नाही, निदान वाटू नये.

आता या तीन गोष्टींशेजारी प्रयोगशाळा ठेवून पाहा. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं अर्थहीन अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, 1885 साली पुस्तक लिहिलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं, हे त्यात आलं. एका मालिकेवर एकाच दिवशी 68 आवर्तनं करून जे साधतं, ते तीन दिवसांत वाटून 38 आवर्तनांत साधतं, हेही आलं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवतं ते न बघता आठवून पाहणाऱ्यांना. म्हणजे सबकी, आणि लुकमा.

पण एबिंगहाउसच्या सुमारे सात शतकं आधी बुरहानुद्दीन झरनूजी नावाचे हनफी विद्वान होऊन गेले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘तालीम-उल-मुतअल्लिम’ ही छोटी पुस्तिका लिहिली. त्यात सरळ हिशेब दिला आहे. कालचा धडा पाच वेळा म्हणा, परवाचा चार वेळा, त्याआधीचा तीन वेळा, मग दोन, मग एक. त्याच पुस्तिकेत स्मरणासाठी रोज उपाशीपोटी 21 लाल मनुका खा असंही सांगितलं आहे. मनुकांचं काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी पाच-चार-तीन-दोन-एक उचललं.

शेजारच्या घरातही हेच चाललेलं होतं. वेद शिकताना गुरुजी ‘संथा’ देत. एकदा गुरूनं म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. मग पदं सुटी, मग जोडीनं, मग घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी उलटसुलट. शब्द जागचा हलला तर लगेच कळावं अशी ही वीण आहे. ते दार सगळ्यांना उघडं नव्हतं, हे विसरून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तर गावच्या दुकानदाराच्या पोरालाही येत. या पाढ्यांच्या सरावाला मराठीत शब्द आहे ‘उजळणी’. भांडं उजळतात तशी. वापरलं नाही तर काळवंडतं, ही समज त्या शब्दातच आहे. आमुख्ता म्हणजे उजळणी, याहून चांगलं भाषांतर मला सुचत नाही.

रोजच्या कामात याचा काय उपयोग, हा प्रश्न मला या वाचनापेक्षा जास्त दिवस पुरला. ग्रीकांची जुनी युक्ती आहे: ओळखीचं घर मनात फिरायचं आणि एकेक वस्तू एकेका जागी ठेवत जायची. सिसेरोनं तिचं श्रेय सिमोनिडीस या कवीला दिलं आहे. मी ती केली. ओट्यावर साखरेचं पोतं, कोनाड्यात औषधाची चिठ्ठी, माजघरात विजेचं बिल. चालते. पण मला त्याहून सोयीचा वाटला आपला हात. तसबीह हाताशी नसली की आपण बोटांच्या पेरांवर जिक्र मोजतो, बाजारात व्यापारीही पेरांवरच मोजतो. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बारा जागा. बाजाराला निघताना एकेका पेरावर एकेक जिन्नस ठेवायचा आणि ठेवताना अंगठ्यानं ते पेर दाबायचं. बारापेक्षा जास्त सामान असेल तर चिठ्ठी लिहावी, उगाच बुखारी होऊ नये.

करायची कामं लक्षात ठेवायला मात्र जागा लागत नाही, वेळ लागते. ‘संध्याकाळी फोन करायचा’ हे विसरतं. ‘असरची नमाज झाली की जानमाज गुंडाळण्याआधी फोन’ हे विसरत नाही. पाच नमाजा म्हणजे दिवसाला मारलेल्या पाच खुंट्या आहेत, कामं त्यांना अडकवायची. पदराला गाठ मारून ठेवणाऱ्या बायका हेच करत, फक्त त्यांची खुंटी पदरात होती. आणि नावं! नाव कळलं की लगेच एकदा त्या माणसाला त्या नावानं हाक मारायची, घरी येऊन न बघता आठवायचं, मग झरनूजींच्या उतरत्या हिशेबानं रोज. ज्या दिवशी आठवलं नाही त्या दिवशी कुणाला तरी विचारायचं. घास मागायला लाजायचं नाही.

इथवर सगळं गोड आहे. कडू भाग असा की पाठांतराच्या या कारागिरीवर सगळ्यात जुनी आणि धारदार टीका बाहेरून आलेली नाही. मुकद्दिम्यात इब्न खल्दून मगरिबच्या विद्यार्थ्यांबद्दल तक्रार करतात की ते वर्षानुवर्षं मदरशात मुके बसतात, गरजेपेक्षा जास्त पाठ करतात, चर्चा करत नाहीत, आणि म्हणून त्यांना त्या विद्येत हात चालवता येत नाही. त्यांनीच काझी अबू बकर इब्न अल-अरबी यांचं मत नोंदवलं आहे: मुलाला आधी भाषा, काव्य आणि हिशेब शिकवावा, मग कुरआन, म्हणजे त्याला तो कळेल. इब्न खल्दूनना हे मत चांगलं वाटलं. रिवाज त्याच्या बाजूनं नाही, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. सहाशे वर्षं झाली, रिवाज अजून तिथंच उभा आहे.

आणि तरीही ‘मदरशात नुसती घोकंपट्टी’ हे वाक्य मला खटकतं. ते म्हणणाऱ्यांची मुलं शिकवणीला जाऊन काय करतात ते मी पाहिलं आहे. पण खटकतं त्याचं खरं कारण दुसरं आहे. हे वाक्य हाफिज मुलांनी स्वतःबद्दल मान्य करून टाकलंय. तीन-चार वर्षं हिफ्जमध्ये घालवून शाळेत परतलेला मुलगा वर्गात दोन-तीन वर्षांनी मोठा असतो, गणितात मागे असतो, आणि त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. सत्त्याहत्तर हजार शब्द परक्या भाषेत उतरवणारी पद्धत आपल्या हातात आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ती पद्धत त्याला सवाबाचा भाग म्हणून मिळालेली असते, हत्यार म्हणून नाही.

सीमेपलीकडे बीदरला हे कुणीतरी ओळखलं. शाहीन ही शिक्षणसंस्था 1989 साली अठरा विद्यार्थ्यांवर सुरू झाली. पुढे तिनं ‘हिफ्जुल कुरआन प्लस’ नावाचा वर्ग काढला. हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलांना आधी भाषा आणि गणिताचा पाया देऊन मग नेहमीच्या वर्गांत आणायचं. त्यातले काही हाफिज वैद्यकीय प्रवेश परीक्षेपर्यंत पोचले आणि पार झाले. इब्न अल-अरबींची इच्छा उलट्या क्रमानं का होईना, पूर्ण होते आहे. प्रत्येक तालुक्यात बीदर होणार नाही हे मला कळतं. मुलाला वसतिगृहात ठेवायची ऐपत सगळ्यांची नसते. पण गावच्या मशिदीत मगरिब आणि इशा यांच्यामध्ये मोकळा वेळ असतो, आणि त्याला फी पडत नाही.

नात्यातला एक हाफिज मुलगा नववीच्या विज्ञानाला घाबरून शाळा सोडायच्या बेतात होता. मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि संयुजा त्याच्या डोक्यात राहत नाहीत म्हणाला. मी त्याला विचारलं, सूरे यासीन कसा पाठ केलास? त्यानं सांगितलं. मग आम्ही एकच ठरवलं. पुस्तक एकच, तेही आपलं जुनं, खुणा केलेलं. रोज पाच संज्ञा सबक, गेल्या आठवड्याच्या सबकी, शुक्रवारी सगळा आमुख्ता. आणि प्रत्येक संज्ञेबरोबर त्या मूलद्रव्याचं घरातलं एक काम आधी शोधायचं, कारण इब्न खल्दूनना मी सोडणार नव्हतो. सोडियम मिठात, कॅल्शियम चुन्यात, तांबं अम्मीच्या जुन्या हंड्यात. ऐकायला त्याची धाकटी बहीण बसते. सहावीत आहे. अडला की ती पुस्तकात बघून मोठ्यानं लुकमा देते, आणि गेल्या आठवड्यात पुस्तक बंद ठेवूनही दोनदा दिला.